नोंदी कुणाच्या?

ग्रंथालयात सगळे तिला कार्डबाई म्हणत. संगणक आले तरी नवं पुस्तक हातात घेऊन, चाळून, मगच ती त्याची नोंद करायची. सव्वीस वर्षं तिने हेच केलं होतं. पण त्या नोंदी पाहायच्या तर ग्रंथालयातच यावं लागे. दारापाशी दोन संगणक, त्यात एका कंपनीची प्रणाली. बाहेरून काही म्हणजे काही दिसत नसे.

एके दिवशी कर्णबधिर मुलांची एक शिक्षिका सहा तासांचा प्रवास करून आली. मुलांना उच्चार शिकवण्याचं एक जुनं पुस्तक तिला हवं होतं. कार्डबाईने शोधलं आणि तिलाच ओशाळल्यासारखं झालं. पुस्तक त्या शिक्षिकेच्याच गावच्या शाखेत होतं, तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.

कार्डबाई तडक संचालकांकडे गेली. "साहेब, यादी सगळ्यांना खुली करा."

"करार आहे, बाई. नोंदी कंपनीच्या प्रणालीत आहेत."

"प्रणाली त्यांची. नोंदी मी केल्यात."

"उगाच नसतं लचांड मागे लावून घेऊ नका."

तिने करार मागवून घेतला आणि शेवटच्या पानापर्यंत वाचला. नोंदींबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मग तिने घरी धाकट्या जावेला गाठलं. जाऊ प्रोग्रामर. एरवी दोघींचं डब्यांच्या झाकणांवरूनही वाजायचं. पण सगळं ऐकून ती म्हणाली, "एवढंच ना? आणा तुमच्या नोंदी, जाऊबाई."

कार्डबाईने प्रणालीतून आपल्या नोंदी उतरवून आणल्या आणि तीन रविवारांत वेबसेवा उभी राहिली. कुठल्याही संकेतस्थळाने, ॲपने पुस्तकाचं नाव विचारावं. ते कोणत्या शाखेत आहे, हे उत्तर लगेच मिळावं. वाचकांची नावं मात्र कार्डबाईने एकही बाहेर जाऊ दिली नाही. सेवेचा पत्ता तिने सूचनाफलकावर लावला. 'कुणीही वापरा.' खाली स्वतःची ठसठशीत सही.

महिन्याभराने ग्रंथालय समितीपुढे बोलावणं आलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "ही सरळसरळ चोरी आहे."

"चोर फलकावर सही करून जातो का?"

समितीतल्या वकीलबाई फिसकन हसल्या. संचालक म्हणाले, "माफी लिहून द्या, विषय संपवू."

"त्या शिक्षिकेचे जाण्यायेण्याचे बारा तास परत करा. लगेच लिहून देते."

वकीलबाईंनी कंपनीला करारातलं कलम दाखवायला सांगितलं. कलम नव्हतंच. तरी लचांड नको म्हणून संचालकांनी सेवा बंद करण्याचा हुकूम काढला आणि कार्डबाईची बदली वर्तमानपत्रांच्या खोलीत झाली. जावेने सेवा बंद केली. पण तोवर नऊ महाविद्यालयांनी अख्खी यादी उतरवून घेतली होती, आणि त्यातल्या एकाने ती दुसऱ्याच दिवशी पुन्हा खुली केली. कंपनीने त्यांना पत्र धाडलं. त्यांनीही कलम विचारलं. पुढचं पत्र काही आलं नाही.

एका दुपारी वर्तमानपत्रांच्या खोलीत कार्डबाईला एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. खुल्या यादीत एका पुस्तकाच्या अनुवादिकेचं नाव राहून गेलंय, त्याने कळवलं होतं. चूक तिचीच होती. तिने पुस्तकांच्या दालनातून ते पुस्तक आणलं, आतलं पान पाहिलं आणि त्या महाविद्यालयाला दुरुस्ती कळवायला फोन उघडला.

दारात संचालक उभे होते. "बाई, हे आता तुमचं काम नाही."

"मग कुणाचं ते सांगा. त्यांच्याकडे देते."

कार्डबाईने अनुवादिकेचं नाव पुन्हा एकदा पुस्तकाशी ताडून पाहिलं आणि दुरुस्ती पाठवून दिली.