पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव

मंगळवारी, ७ ऑक्टोबरला, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी इंद्रायणी मोहोळकर यांचे एका ॲपवरचे चॅनेल बंद झाले. त्यावर नऊ पुस्तके होती, सगळी त्यांच्या आवाजात वाचलेली. ऋतुजाची परीक्षा २ नोव्हेंबरला होती. मध्ये पंचवीस दिवस उरले होते.

इंद्रायणीबाई सरकारी कचेरीतून वरिष्ठ सहायक म्हणून निवृत्त झालेल्या. सोलापूरच्या रेल्वे लाइन्समध्ये एकट्या राहतात. चार वर्षांपूर्वी अंध मुलींच्या एका वसतिगृहाला पुस्तके वाचून देणारी माणसे हवी होती, तेव्हा त्यांनी नाव दिले. तिथे दोन दिवस शिकवले गेले. ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, प्रकाशक, आवृत्ती सांगायची, कारण ऐकणारीला मुखपृष्ठ दिसत नाही. पान उलटले की पानाचा क्रमांक सांगायचा. तेहतीस वर्षे फायलींवर टिपणे लिहिलेल्या बाईंनी हा नियम एकदाही मोडला नाही. वर स्वतःचे एक वाक्य जोडले: हे पुस्तक बाजारात मिळते, ज्यांना डोळ्यांनी वाचता येते त्यांनी विकत घ्यावे. हे सगळे म्हणायला वीस सेकंद लागत.

मुद्रण त्या मोबाइलवर करत, चॅनेलवर चढवत आणि मोबाइलमध्ये जागा राहावी म्हणून मूळ फाइल पुसून टाकत.

ऋतुजा मंगळवेढा तालुक्यातली, शेरडं-मेंढरं राखणाऱ्या घरातली, जन्मापासून अंध. वय तेवीस. लिपिक पदाच्या परीक्षेचा हा तिचा दुसरा प्रयत्न होता. पहिल्या खेपेला अर्थशास्त्राने घात केला होता. वसतिगृहातली मुदत डिसेंबरला संपत होती. पद मिळाले नाही तर गावी परत जायचे आणि दारात बसून दिवस काढायचे, हे तिला कोणी सांगावे लागत नव्हते. बाकीची आठ पुस्तके तिची झाली होती. नववे, अर्थशास्त्राचे, मागच्या वर्षी एकदाच ऐकलेले, तिने शेवटच्या महिन्यासाठी ठेवले होते.

तक्रार नेमकी त्याच पुस्तकाची होती. तीन प्रकरणांबद्दल तीन तक्रारी, एकाच मिनिटाला. तीन झाल्या की चॅनेल बंद, असा त्या ॲपचा नियम. उरलेल्या आठ पुस्तकांबद्दल कोणाचीच तक्रार नव्हती. तीही गेली.

इंद्रायणीबाईंचा भाचा अवधूत सोलापूरच्या कोर्टात वकिली करतो. त्याने कॉपीराइट कायदा काढून वाचला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अंधांसाठी पुस्तक आवाजात आणायला लेखकाची परवानगी लागत नाही, फक्त त्यात नफा कमवायचा नाही.

"मावशी, कायदा तुझ्या बाजूचा आहे," तो म्हणाला. "पण निम्माच. पुस्तक अंधांनाच मिळायला हवं. तू ते सगळ्या गावाला उघडं ठेवलंस."

"मुलींना पासवर्ड टाकता येत नाही म्हणून उघडं ठेवलं."

"ते मला समजतं. त्यांना समजलं पाहिजे."

ॲपच्या अपिलाच्या अर्जात तीनच पर्याय होते: साहित्य माझे आहे, मालकाची परवानगी आहे, इतर. कायद्यानेच मुभा आहे, असा पर्याय नव्हता. बाईंनी 'इतर'मध्ये कलम आणि पोटकलम लिहिले. अकरा मिनिटांत उत्तर आले: कारण अपुरे आहे. कोर्टात जाता येईल का, असे त्यांनी विचारले. अवधूत म्हणाला, जाऊ की, पण तारीख मिळेल ती परीक्षेनंतरची.

लेखक सोलापुरातच होता. सुबोध कमलापूरकर, जुळे सोलापुरात भाड्याच्या दोन खोल्या, कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणे. बाई ऋतुजाला घेऊन गेल्या. त्यांना वाटले होते, माणूस अडून बसेल. तो अडला नाही, पण आधी त्याचे ऐकून घ्यावे लागले.

पुस्तकाला सहा वर्षे लागली होती. बाजारात आल्यावर महिन्याभरात त्याची पीडीएफ फिरू लागली. प्रकाशकाने दुसरी आवृत्ती काढायला नकार दिला. शेवटी सुबोध सरांनी एका कंपनीला अधिकारपत्र दिले. ती इंटरनेटवर त्यांचे नाव शोधते आणि सापडेल तिथे तक्रार करते.

"मागच्या महिन्यात वैरागला व्याख्यान होतं," ते म्हणाले. "संपल्यावर पोरं सहीला आली. चाळीस पोरं, चाळीस झेरॉक्स. स्पायरल लावलेल्या. पुस्तक एकाच्याही हातात नाही."

"मग?" बाईंनी विचारले.

"मग काय. सह्या केल्या."

ऋतुजा म्हणाली, "सर, एक सांगू का? पान एकशेबारा, तुमचा तक्ता हाय न्हवं का, त्यातली बेरीज चुकलीय. मागल्या साली ऐकताना कळलं. तुमाला सांगायचंच हुतं."

सुबोध सरांनी पुस्तक काढले, बेरीज केली, पुन्हा केली. मग मोबाइल घेऊन त्यांच्यासमोरच कंपनीला ईमेल लिहिला: तक्रार चुकीची आहे, मागे घ्यावी. त्यांची अट एवढीच होती की यापुढे चॅनेलला कुलूप लावावे. बाईंनी मान्य केले. पोच लगेच आली. आपली विनंती महत्त्वाची असून तिचा क्रमाने विचार होईल, असे त्यात होते.

त्यानंतर दिवाळी आली. कंपनीला सुट्टी लागली आणि ऋतुजा गावी गेली.

तिथून तिचा फोन आला तो सतराव्या तारखेला. क्लासमधल्या एकीने तिला मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये घेतले होते. तिथे सरांचे पुस्तक आवाजात होते.

"मावशी, आवाज तुमचाच हाय," ती म्हणाली आणि दुसऱ्या मोबाइलवर लावून दाखवले.

आधी एका पुरुषाचा आवाज आला, मित्रांनाही ग्रुपमध्ये घ्या म्हणून. मग इंद्रायणीबाईंचा: प्रकरण पहिले. सुरुवातीचे वीस सेकंद कापले होते. पुस्तकाचे नाव नाही, लेखकाचे नाही, विकत घ्या हेही नाही. पानांचे क्रमांकही जागोजाग काढले होते. चौदापैकी नऊ प्रकरणे होती. चोरणाऱ्याने तेवढीच चोरली होती.

"ऐकू का नको?" ऋतुजाने विचारले.

"ऐक," बाई म्हणाल्या.

उरलेली पाच प्रकरणे त्यांनी रोज सकाळी फोनवरून वाचायला घेतली. गावात रेंज कमी, प्रत्येक परिच्छेद दोनदा वाचावा लागे. बारावे प्रकरण संपता संपता घसा बसला. डॉक्टरांनी आठ दिवस बोलणे बंद केले. तेरावे आणि चौदावे राहिले.

सुबोध सरांना ग्रुपबद्दल कळवले होते. त्यांनी कंपनीला ग्रुपचे नावही पाठवले. २९ ऑक्टोबरला त्यांच्याकडे मासिक अहवाल आला. तो त्यांनी काही न लिहिता बाईंना पुढे पाठवला. लेखकाच्या नावाने शोध घेतला असता एक चॅनेल आढळले, ते यशस्वीरीत्या बंद करण्यात आले आहे, अन्य अनधिकृत ध्वनिप्रती आढळल्या नाहीत, असे त्यात म्हटले होते. त्या दिवशी ग्रुपचे सदस्य अकरा हजार होते.

ऋतुजाने लेखनिक घेऊन परीक्षा दिली. तक्रार मागे घेतल्याचे कंपनीचे पत्र पाच नोव्हेंबरला आले. ॲपने कळवले की अपील एकदा फेटाळले गेल्यावर चॅनेल पुन्हा उघडता येत नाही. डिसेंबरात निकाल लागला. ऋतुजा दोन गुणांनी राहिली. तेराव्या आणि चौदाव्या प्रकरणावर पाच प्रश्न आले होते, हे तिने स्वतःहून सांगितले नाही. बाईंनी प्रश्नपत्रिका मिळवून मोजले.

वसतिगृहाने एप्रिलच्या परीक्षेपर्यंत मुदत वाढवून दिली. बाईंनी नवे चॅनेल उघडले, कुलूप लावलेले; मुलींच्या मोबाइलमध्ये पासवर्ड स्वतः टाकून दिला. सुबोध सरांनी आपली प्रत पाठवली, एकशेबारा पानावर पेनाने बेरीज सुधारलेली.

"ह्या खेपेला नाव घेऊ नकोस," अवधूत म्हणाला. "पुस्तकाचं नाही, लेखकाचं तर अजिबात नाही. कुलूप असो की सरांची परवानगी, कंपनी नावच शोधते; नाव आलं की तक्रार आली. त्या ग्रुपवाल्याला हे आधीच कळलं होतं."

"म्हणजे मी त्याच्यासारखं करायचं."

"पोरीला पास करायचंय ना?"

दुसऱ्या दिवशी बाई दारे-खिडक्या लावून मुद्रणाला बसल्या. आधी तेरावे आणि चौदावे केले, मग पहिल्यापासून.

पंधरा दिवसांनी, सगळी प्रकरणे चढवून झाली त्या संध्याकाळी, ऋतुजाचा फोन आला. "मावशी, सगळ्या फायलींत सुरवातीला काईच ऐकू येत न्हाय. वीस सेकंद नुसती शांतता. मोबाइल बिघडला का तुमचा?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तेवढं जाऊ दे. पुढं प्रकरण सुरू होतं."