अण्णांचं नाक

अण्णांनी बुंदीचा झारा वाळूत खुपसला, हलकेच उचलला आणि दोनदा झटकला. कोरडी वाळू भोकांतून ट्रेमध्ये परत गळाली, ओले गोळे तेवढे वर राहिले. ते कागदात गुंडाळून त्यांनी वाळूवर खायचा सोडा भुरभुरला. काशी मांजर बाल्कनीच्या कठड्याशी बसून सगळं बारकाईनं बघत होती.

"आता बघ," त्यांनी आत हाक दिली.

संयोगिता उत्तरपत्रिकांतून उठली. दारातूनच किंचित वाकून तिनं नाक आक्रसलं.

"अजून येतोय, अण्णा."

"येतोय?" त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून स्वतः हुंगून पाहिलं. "मला काय कळंना बाई. माझं नाक पार कामातनं गेलंय."

दोन महिन्यांपूर्वी तिच्या कॉलेजातल्या एक बाई चहाला आल्या होत्या आणि अर्धा कप तसाच ठेवून म्हणाल्या होत्या, "मांजर आहे वाटतं घरात?" तेव्हापासून हे रोज चाललं होतं. अण्णांनी आधी लॅव्हेंडरच्या वासाची वाळू आणली. काशीनं ती एकदा हुंगली आणि सरळ त्यांच्या गादीवर जाऊन बसली. मग लाकडाच्या भुशाच्या गोळ्या झाल्या. ट्रे एकदा फिनेलनं धुतला, तर ती दिवसभर त्याच्याकडं फिरकली नाही. शेवटी ही बिनवासाची, गोळे धरणारी वाळू तिला मानवली होती.

काशी संयोगिताच्या आईची. तिला कुणाला देऊन टाकायचा विषय दोघांनीही कधी काढला नव्हता. आई करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. "मंडईतनं मीच आणला तो घरात," असं अण्णा आल्यागेल्याला सांगत. ते बोलू लागले की संयोगिता पाणी आणायला आत जायची.

"उद्या सगळीच वाळू काढतो," अण्णा म्हणाले. "ट्रे गरम पाण्यानं धुतो आणि उन्हात टाकतो. मग बघू कसा येतोय."

"पोतं उचलू नका. मी आणीन दुकानातून."

"तू पेपर तपास. तेवढी पोरं नापास कुणी करायची?"

ती हसली. लाल पेन शोधत आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती उठली तेव्हा धुतलेला ट्रे कठड्याला उभा टेकवलेला होता, त्यातून अजून पाणी निथळत होतं. शेजारच्या खुर्चीत अण्णा बसले होते. बसल्या बसल्याच गेले होते. खांद्यावरचा पंचा ओला होता.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. त्या दुपारी संयोगिता स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाळूची नवी पिशवी कापत होती, तोच शेजारच्या झुंबरबाई धडधडत आत आल्या आणि त्यांनी गॅस बंद केला.

"अगं, दूध करपलं की! माझ्या घरापतूर वास आला, आन् तू हितं पुढ्यात बसलीयास?"

ओट्यावर पातेलं काळं पडलं होतं. संयोगितानं त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

"काकू, मांजराचा वास येतो का आमच्या घरात?"

"आता तूबी सुरू केलंस व्हय?" झुंबरबाई पातेलं नळाखाली धरत म्हणाल्या. "तुझं वडील रोज दारात उभं. वहिनी, जरा आत येऊन वास बघा. न्हाय येत म्हणलं तर मलाच म्हणायचं, तुमचंबी नाक गेलंय. आमच्या संयोगिताला येतोय म्हंजे हाय."

"आणि नव्हता?"

"एकदा हुता, तुझ्या त्या बाई आलत्या तवा. त्याच्यानंतर कधीच न्हाय. देवाच्या भांड्यागत घासायचे की ट्रे. सोमवारी डॉक्टरला नाक दाखवायला जाणार हुते बिचारे."

झुंबरबाई गेल्यावर तिनं खुर्चीवरचा पंचा उचलला. तो तिनं धुवायला टाकला नव्हता. तोंडावर धरून तिनं खोल श्वास घेतला, मग आणखी एक. सुताचा खरखरीतपणा गालाला लागला. बाकी काही आलं नाही.

मग ती बाल्कनीत ट्रेपुढं बसली. झारा वाळूत घातला, उचलला, झटकला. काशी खुर्चीवर चढून पाय पोटाशी घेऊन बसली.

"अण्णा, तुमचं नाक चांगलं होतं," संयोगिता म्हणाली. रिकाम्या घरात तिला स्वतःचा आवाज फार मोठा वाटला. "माझं गेलंय. मला कळायचं नाही, म्हणून येतोय म्हणायचे मी."

खालच्या रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं. तो आवाज विरेपर्यंत ती थांबली.

"आईला ताप यायच्या चार दिवस आधी गेलं. मला कळलं होतं. कुणाला सांगितलं नाही, तिच्याजवळच झोपत राहिले."

झाऱ्यातली वाळू केव्हाच गळून गेली होती. तरी ती झारा झटकत राहिली.

"मंडईतनं तुम्ही नव्हता आणला, अण्णा."