मैदान पुसणाऱ्या टॉवेलचा सत्कार

मित्रांनो, मी एक जुना, मधोमध भोक पडलेला टॉवेल आहे आणि मला पाहुण्यांच्या गळ्याची किळस येते.

माझा जन्म अक्कलकोट रोड एमआयडीसीतला. फकीरचाचांच्या मागावर मी विणला गेलो. त्यांची लेक गुलनाज सोलापूरच्या लीग संघात पगारावर बास्केटबॉल खेळते. चाचांनीच आम्हा भावंडांचा गठ्ठा कौतुकाने संघाला नेऊन दिला. लाकडी मैदानावर घाम सांडला की पाय घसरतो. तो घाम मैदान पुसणाऱ्या निंगव्वा मावशीने आम्हाला घेऊन धावत जाऊन टिपायचा, एवढंच काम. पण गुलनाजचा उजवा गुडघा एकदा उघडून शिवलेला. पुन्हा त्यावर पडलीस तर खेळ संपला, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"मावशी, तुमी पुसल्याबिगर मी उडी नाय मारत," ती म्हणायची. तेव्हा मला जन्माचं सार्थक वाटायचं.

यंदा मालकांनी जुन्या पोरींना नारळ दिला, एकट्या गुलनाजला ठेवलं. व्यवस्थापक शिवराज माइकवर सांगू लागले, "हे संघबांधणीचं वर्ष आहे!" संघ हरत गेला आणि सत्कार वाढत गेले. दर सामन्याला नवा पाहुणा, आणि आपल्याकडे टॉवेल-टोपीशिवाय पाहुण्याचा मान कसला? टॉवेल मात्र आमच्यातलेच जायचे. एकाने तर माझ्या धाकट्या भावाला गळ्यातून काढून गुटख्याचं तोंड पुसलं. शी! आठवलं तरी माझे धागे आखडतात. मी वाचलो तो भोकामुळे.

शेवटच्या सामन्याला मी एकटाच उरलो होतो. खेळ रंगात असताना पाहुणे आले.

"निंगव्वा, टॉवेल आण," शिवराज म्हणाले.

"सायब, ह्यो एकच हाय. त्यालाबी भोक हाय."

"मग भोक आत घाल की घडीत!"

तसाच अत्तर मारून मला त्या घामट गळ्यात घातलं. फोटोसाठी सगळे हसले. इतक्यात बास्केटखाली एक पोर पडली आणि तिथे घामाचं थारोळं राहिलं. टॉवेल नाही म्हणून निंगव्वा शेवटी पदरानेच पुसायला धावली, पण तोवर पंचांनी खेळ सुरू केला होता. गुलनाजने उडी मारली आणि ती घसरून उजव्या गुडघ्यावरच आली. तिची किंकाळी मी पाहुण्याच्या गळ्यात लोंबकळत ऐकली. त्या गळ्याइतकी किळस मला कुठल्याच घामाची वाटली नव्हती.

तिला स्ट्रेचरवरून नेलं. पाहुणे घड्याळ बघत होते. निंगव्वा तरातरा व्यासपीठावर चढली आणि तिने मला त्यांच्या गळ्यातून ओढून काढलं.

"झाला न्हवं सत्कार? आता द्या हिकडं. अजून चार पोरी खेळायच्या हायत."

निंगव्वाने गुडघे टेकून मला फिरवत ती जागा कोरडी केली. ती रडत होती, आणि तेही मीच टिपलं.

मित्रांनो, मला अत्तर नको, घडी नको, कुणाच्या गळ्यातला मान नको. सामना चालू असेपर्यंत मला फक्त निंगव्वाच्या हातात राहू द्या.