पाच थरांचा वाडगा

मित्रांनो, मी एक जुना काचेचा वाडगा आहे. भट्टीतून निघताना माझ्या तळाशी हवेचा एक बुडबुडा राहून गेला, म्हणून दुकानात मला मागच्या रांगेत ठेवले होते. त्याचे मला फारसे काही वाटत नाही.

ज्या घरात मी आलो, तिथे दोन जावा होत्या. थोरलीने ऑफिसातल्या मैत्रिणीकडून मेक्सिकन पद्धतीचा एक डिप शिकून घेतला होता. तळाला ठेचलेला राजमा, त्यावर अव्होकाडो, मग घट्ट दही, मग भाजलेल्या टोमॅटो-मिरचीचा साल्सा आणि वर किसलेले चीज. राजमा आणि साल्सा थोरली करी, बाकीचे धाकटी. मीठ मात्र सगळ्यात धाकटीच घाली आणि थोरली चाखून बघे. पाहुणे मक्याच्या चिप्स बुडवून खात आणि वाहवा करत. वाहवा डिपची असे, हे मला कळत होते. तरी त्यातली थोडी मी स्वतःकडे ठेवून घेई.

मग कुठल्याशा कपाटावरून दोघींचे बिनसले. बोलणे बंद झाले. धाकटी वेगळे घर शोधू लागली आणि मी वरच्या फळीवर गेलो. माझ्यात जुने सेल, रबरबँड आणि एक बिनकुलपाची किल्ली येऊन पडली. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू?

सासूबाई नोकरीतून निवृत्त झाल्या, तेव्हा घरी पार्टी ठरली. त्या म्हणाल्या, "मला तुमचा तो थरांचा डिप हवा. घर वेगळं करायचं तर खुशाल करा, पण असं न बोलता जाऊ नका."

मला खाली काढून घासले. थोरलीने राजमा आणि साल्सा केला, धाकटी समोर नाही म्हणून मीठही स्वतःच घातले आणि ती निघून गेली. मग धाकटी आली. मीठ आपलेच काम, असे धरून तिने दोन्हीत पुन्हा घातले. चाखले कोणीच नाही. मी ओट्यावरच होतो, पण काचेला आरपार दिसते, बोलता येत नाही.

पहिली चिप सासूबाईंनी खाल्ली. मग ग्लासभर पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "छान झालंय." पाहुण्यांनीही पाण्याचे ग्लास उचलले. जावांनीही एकेक घास घेतला.

"तू मीठ घातलंस?"

"तुम्ही घातलं होतंत, ताई?"

कित्येक महिन्यांनी दोघी एकमेकींशी बोलल्या. सासूबाईंना फार बरे वाटले. "आता दही आणा कोणीतरी," त्या म्हणाल्या. दोघीही उठल्या. दही आणि बिनमिठाचा टोमॅटो घालून त्यांनी सगळे ढवळले. थर मोडले, रंग मातकट झाला, आणि तरी मी रिकामा झालो.

पुढे धाकटी वेगळी राहायला गेलीच. मी दोन्ही घरांत ये-जा करतो, त्यात काठाचा एक टवकाही उडाला आहे. मित्रांनो, भांडी जपा, पण फळीवर टाकून जपू नका. कालच धाकटीने साल्सा केला आणि चमचा थोरलीपुढे धरला. "मीठ बघा, ताई."

मीठ अगदी बरोबर होते. थोरली म्हणाली, "थांब, अजून एकदा बघू दे."