गवत नसलेलं रान

मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि आमचं बोलणं ‘जेवलीस?’, ‘जेवले’, ‘बरं’ यावर येऊन ठेपलं. मोकळी बोलायची ती फक्त गेम खेळताना, मैत्रिणीशी. त्या मैत्रिणीने खेळ सोडला तेव्हा मी म्हटलं, “मला घे की जोडीला.”

“आई, तुझ्या लॅपटॉपला नाही झेपायचं ते.” मग म्हणाली, “एक रविवार बघू. नाही जमलं तर ऑफिसातल्या कुणाला तरी घेईन.”

म्हणजे माझ्या हाती एकच रविवार होता.

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप उघडला. “काकू, ह्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. प्रोसेसरच चित्रं काढतो, तीही रॅममधली जागा मागून घेऊन. हे पत्रं टाइप करायचं मशीन आहे.”

मी तरीही रॅमची दुसरी पट्टी बसवून घेतली. माझ्या शिवणाच्या टेबलावर राहून लॅपटॉपच्या पंख्यात गेलेले दोरे त्याने चिमट्याने उपसले. “ह्यात एक झबलं होईल.”

“होईल, पण माप कुणाचं घेऊ?” मी म्हटलं.

बाकीचं व्हिडिओ बघून शिकले. सावल्या बंद, धुकं बंद. रिझोल्यूशन इतकं खाली आणलं, की खेळातल्या माझ्या बाईचा चेहरा म्हणजे इस्त्री केलेला रुमाल. सेकंदाला आठ चित्रं निघत होती, ती तीसवर आली. मग मला चटकच लागली. दिसेल ते बटण बंद करत सुटले.

रविवारी दुपारी आम्ही दोघी रानाच्या तोंडाशी उभ्या. कानात तिचा आवाज. “लांडग्यांना चुकवून नदी गाठायची. इथे आम्ही सहा वेळा मेलोय. खाली बस, गवतात लप.”

“कुठलं गवत?”

“अगं, कमरेएवढं आहे!”

माझ्याकडे नुसती हिरवी जमीन, कापायला पसरलेल्या कापडासारखी. गवतही मीच बंद केलं होतं. आणि त्या कापडावर पाच लांडगे उघडे बसलेले.

“तुझ्या डावीकडे दोन आहेत,” मी म्हटलं.

“मला एकही दिसत नाही!”

तिचं महागाचं मशीन गवताची पातीन् पाती काढत होतं. “खडकाजवळ बघ. एक उठतोय, हलू नकोस. गेला. आता सरळ चल. सरळ म्हटलं की तू लहानपणापासून उजवीकडे का जातेस गं?”

ती हसायला लागली. फोनवर हसते तसं नाही, नाकातून फुर्र करून, घरी हसायची तसं.

नदी आली. माझ्या नदीत पाणी होतं की पत्रा, सांगणं कठीण. आम्ही काठावर बसलो. पुढे जायची घाई तिनेच केली नाही.

“आई, खरं सांगू? ह्या शहरात मला करमत नाही गं.”

“मला वाटलंच होतं. सांग, काय झालं?”

मागे एक लांडगा फिरत होता, लांब. मी त्याच्यावर नजर ठेवली आणि ऐकत राहिले.