सोडवून आणलेल्यांचं गाणं

थोरली कपडे दुरुस्तीच्या दुकानात मशीनवर बसायची आणि रविवारी चर्चच्या गायकवृंदात पुढच्या रांगेत उभी राहायची. एकटीने म्हणायची ओळ तिचीच. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण दुसऱ्या कुणाचं नावही निघत नसे. धाकटी परत आली आणि सगळं बिनसलं.

धाकटी दारूपायी घर सोडून गेली होती. बाबांचं आजारपण, त्यांचं शेवटचं सगळं थोरलीने एकटीने निभावलं. आता धाकटी उपचार घेऊन, दारू सोडून बहिणीच्याच खोलीत राहत होती आणि बेकरीत पीठ मळायच्या कामाला जात होती. चर्चमधली माणसं तिला जवळ घेत, डोळे पुसत. थोरलीला मात्र ‘दमलीस का गं?’ असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.

त्याच सुमारास पाळकांनी बायबलच्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकातल्या स्वर्गीय उपासनेवरचं गीत बसवायला घेतलं. देवाच्या राजासनाभोवती बसलेले वडीलजन आणि मध्ये वधलेलं कोकरू, म्हणजे ख्रिस्त. त्याने स्वतःचं रक्त देऊन माणसांना सोडवून आणलं, म्हणून सारा स्वर्ग त्याची स्तुती गातो. त्यातली एकटीने म्हणायची ओळ पाळकांनी धाकटीला दिली.

“तिच्या आवाजात ते सोडवून आणलेपण ऐकू येतं,” ते म्हणाले.

थोरली सगळ्यांसोबत हसली. आतून तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. म्हणजे घर धरून राहिले हीच माझी चूक, तिला वाटलं.

चार दिवसांनी पाळक गायकवृंदाचे झगे दुरुस्तीला घेऊन दुकानात आले. “धाकटी कशी आहे?” त्यांनी सहज विचारलं.

“बरी आहे.” थोरलीने दातांनी दोरा तोडला. “काल उशिरा आली. अंगाला कसला तरी वास येत होता. मी काही म्हणत नाही, पाळकसाहेब. माझाच मेला संशयी स्वभाव.”

वास पिठातल्या खमिराचा होता. तिला ते पक्कं ठाऊक होतं. धाकटीचे कपडे तिनेच धुतले होते.

दुसऱ्या दिवशी धाकटी घरी आली ती नखांत अडकलेलं पीठ काढत बसली. “मी पुन्हा प्यायले असं कुणीतरी पाळकांना सांगितलंय. मी नाही प्यायले, ताई.”

“मग तसं सांगायचंस.”

“सांगितलं. ते म्हणाले, थोडं थांबू या. त्यांचं तरी काय चुकलं? माझ्या शब्दाची किंमत मीच घालवलीय. ओळ तुला दिलीय त्यांनी. तू छान म्हणशील.”

ती चिडली असती, तर थोरलीला सोपं गेलं असतं. हा मोठेपणाही हिलाच मिळावा, याचाही तिला हेवा वाटला.

तालमीच्या वेळी पाळक समजावून सांगत होते, “त्या वडीलजनांच्या डोक्यावर मुगूट आहेत. तरी ते काढून राजासनापुढे ठेवतात. कारण तिथे स्वतःच्या बळावर कुणीच पोचलेलं नाही.”

“जे कधी वाट चुकलेच नाहीत, तेसुद्धा?” थोरलीने विचारलं.

“असं कुणी मला तरी अजून भेटलेलं नाही, बाई.”

सूर सुरू झाले. ‘तू आम्हांला सोडवून आणलंस’ ही ओळ. थोरली ‘आम्हांला’पाशी आली आणि तिचा आवाजच फुटेना. पुन्हा सुरुवात झाली. पुन्हा तेच. वादकाने हात थांबवले.

“वास खमिराचा होता,” ती म्हणाली. “मला माहीत होतं. तिची ओळ जावी म्हणून मी बोलले.”

शेवटच्या बाकावरची धाकटी उठून बाहेर गेली. थोरलीने तिला फाटकापाशी गाठलं.

“मला तुझं चांगलं बघवत नाही गं. बाबांचं सगळं मी केलं, आणि कौतुक तुझं.”

“ठाऊक आहे मला. पण हे करायला नको होतंस, ताई. आता माझ्याशी बोलू नकोस.”

रविवारी ओळ धाकटीने म्हटली. थोरली मागच्या रांगेत होती. तो आवाज चढला तसा तिला पुन्हा तोच जुना हेवा वाटला. तो एवढ्यात जायचा नाही, हे तिला कळून चुकलं. तरी सगळ्यांनी ध्रुवपद उचललं, तेव्हा तीही गायली.

धाकटी आठवडाभर अबोल होती. मग एका दुपारी ती दुकानात आली आणि मशीनशेजारच्या स्टुलावर बसली.

“बाबांचं शेवटी काय काय करावं लागलं तुला? मला सगळं ऐकायचंय.”

थोरलीने हातातला शर्ट बाजूला ठेवला आणि सांगायला सुरुवात केली.