नॉर्डियाच्या पायाचं माप

"पाय हलवू नकोस गं! अंगात वारं शिरलंय का तुझ्या?" मिस एनिड ओरडल्या.

"गुदगुल्या होतात, ग्रॅनी."

"होऊ देत. गुदगुल्यांनी अजून कुणी मेलं नाही. काय रे क्लिफ्टन, मेलंय का कुणी?"

"आपल्या गावात तरी नाही," मी म्हणालो.

माझ्या दुकानाच्या ओट्यावर पाव गुंडाळायचा तपकिरी कागद अंथरला होता, त्यावर नॉर्डियाचा उजवा पाय होता, आणि तिची आजी गुडघे टेकून त्या पायाच्या कडेकडेने पेन्सिल फिरवत होती. दर सप्टेंबरात हा सोहळा माझ्याच ओट्यावर व्हायचा. कागद माझा, पेन्सिल माझी, वर मध्येमध्ये "क्लिफ्टन, उजेडातून बाजूला हो" हे ऐकून घेणाराही मीच.

नॉर्डिया सहा वर्षांची असताना तिची आई ऑर्लीन न्यूयॉर्कला गेली. थोड्या महिन्यांच्या व्हिसावर गेली आणि तिथेच राहिली. एका श्रीमंत म्हातारीला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, फिरवणं हे तिचं काम. कागदपत्रं नव्हती, त्यामुळे एकदा इकडे आली असती तर पुन्हा तिकडे पाऊल टाकता आलं नसतं. आमच्या जमैकात अशा आया घरटी एक सापडतील. आई येत नाही, तिचं पिंप येतं. नाताळच्या आधी बोटीने कमरेएवढं निळं पिंप यायचं. त्यात तांदूळ, साबण, डबे, फ्रॉक आणि तळाशी बूट. बुटांसाठी हा कागद टपालाने तिकडे जायचा. ऑर्लीन तो पायाच्या आकारात कापायची, दुकानात नेऊन बुटात सरकवून बघायची, आणि मग घरी आणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवायची. एकावर एक, सगळ्यात खाली सहा वर्षांचा पाय, सगळ्यात वर आत्ताचा. एकदा फोनवर ती म्हणाली होती, "माझी पोरगी माझ्या कपाटाच्या दारात उभी राहून मोठी होतेय, मास क्लिफ्टन." आमच्याकडे वडीलधाऱ्याला काकासारखं 'मास' म्हणतात. गावात फोन माझ्याच दुकानात होता, म्हणून असलं काहीबाही माझ्या कानांवर यायचं. ऐकून मी उगाच साखरेची पोती हलवत बसायचो.

मिस एनिड एरवी पेन्सिल बाहेरच्या बाजूला कलती धरायच्या. वाढतं अंग, बूट वर्षभर पुरला पाहिजे. त्या वर्षी मात्र त्यांनी पेन्सिल आत, पायाच्या तळव्याखाली घुसेल इतकी कलती धरली होती. कारण यंदा चर्चला जायचे बूट नको होते, पळायचे हवे होते.

"मिस एनिड," शाळेच्या कोच बॅलेंटाइनने त्यांना बजावलं होतं, "खिळ्यांचा बूट कातडीसारखा बसला पाहिजे. आत जराही सैल राहिला की मुलगी संपली." मग माझ्या फोनवरून त्याने हेच ऑर्लीनलाही सांगितलं. घट्ट हवेत, घट्ट.

नॉर्डिया पळायची म्हणजे काय, ते मी काय सांगू? डोंगरउतारावरच्या आमच्या शाळेत धड सपाट मैदान नाही. एका टोकाला गवत, दुसऱ्या टोकाला खडी, मध्ये कुणाची तरी बकरी. तिथे ती अनवाणी पळायला लागली की माझ्या दुकानातले लोक हातातला डाव टाकून कुंपणाला येऊन उभे राहायचे. बाहेरचे लोक विचारायला येतात, एवढ्याशा बेटावर एवढे पळणारे कुठून येतात म्हणून. आदल्या वर्षीच एक गोरा येऊन आमच्या डोंगरातला पिवळा कंद पिशवीत घालून तपासायला घेऊन गेला. त्यावरून माझ्या दुकानात केवढा वाद. कुणी म्हणे कंद, कुणी म्हणे पाणी, कुणी म्हणे चढउतार, कुणी म्हणे आपले पूर्वज ज्या जहाजांतून आले त्यांतून फक्त चिवटच वाचले. मिस एनिड मीठ घ्यायला आल्या होत्या.

"कंद मीपण जन्मभर खाल्ला," त्या म्हणाल्या. "मला बस तरी कधी पकडता आली का? पोरं पळतात कारण त्यांना कुणाकडे तरी पोचायचं असतं."

सगळे हसले. मीही हसलो, पण नंतर मनात मोजदाद केली. माझ्या लहानपणापासून या डोंगरातून जे जे वेगाने पळाले ते सगळे पळतच गेले. कॅनडाला, इंग्लंडला, अमेरिकेला. कुणाचा बाप तिकडे, कुणाची बहीण. परत आले ते पेपरातल्या फोटोत.

नॉर्डियाला वकिलातीने व्हिसा दोनदा नाकारला होता. आता एकच दार उरलं होतं. किंग्स्टनला दर वसंतात बेटावरच्या सगळ्या शाळांची मोठी स्पर्धा भरते. आम्ही तिला चॅम्प्स म्हणतो आणि त्या आठवड्यात इकडे लग्नंसुद्धा ठरवत नाहीत. ऑर्लीन ज्या शहरात राहायची तिथल्या एका कॉलेजचा माणूस यंदा ती बघायला येणार होता. मोठ्या मुलींच्या दोनशे मीटरमध्ये पहिल्या तिघींना आपण घेऊ, असं त्याने कोचला कळवलं होतं. शिक्षण, राहणं, विमान, सगळं त्यांचं. नॉर्डियाचं शाळेचं ते शेवटचं वर्ष होतं.

"पदक आणलंस तर दुकानात फोटो लावीन हो तुझा," मी तिला म्हणालो.

"पदक नकोय मला, मास क्लिफ्टन," ती म्हणाली. "मला मम्मीच्या स्वयंपाकघरात बसून चहा प्यायचाय."

त्या वर्षी नाताळला पिंप आलं नाही. आधी तिकडे बंदरात संप झाला, मग इकडचे लोक म्हणाले, सापडत नाही. नॉर्डिया शाळेतले जुने, तळ बदललेले बूट घालून सराव करत राहिली. तेच घालून ती चॅम्प्सला गेली आणि तेच घालून पहिली फेरी जिंकली, दुसरीही जिंकली. अंतिम शर्यत शनिवारी होती. आणि शुक्रवारी बंदरातून निरोप आला, पिंप सापडलंय, घेऊन जा.

शनिवारी पहाटेच माझी व्हॅन काढली. मिस एनिड चर्चची टोपी घालून शेजारी बसल्या, मांडीवर तळलेल्या माशांचा डबा. बंदरावर पिंप ताब्यात घेतलं आणि तिथल्या तिथे, फुटपाथवरच, त्यांनी ते उघडायला लावलं. तांदूळ बाजूला, साबण बाजूला, हात खांद्यापर्यंत आत. तळाशी बूट होते. पांढरेशुभ्र, बाजूला सोनेरी पट्टा. मिस एनिडनी ते टोपीच्या पिशवीत ठेवले आणि टोपी डोक्यावरून काढलीच नाही.

स्टेडियमच्या मागच्या गवतावर नॉर्डिया पाय ताणत बसली होती. तिने बूट हातात घेतले. आधी वास घेतला.

"मम्मीच्या घराचा वास येतो," ती म्हणाली.

"साबणाचा येतो वेडे, सहा महिने त्याच्याशेजारी होते," मिस एनिड म्हणाल्या. "घाल बघू."

तिने पाय आत घातला. घालायला वेळ लागला. मिस एनिडनी खाली वाकून पुढच्या टोकावर अंगठा दाबला, आपण सगळेच दाबतो तसा. त्यांचा अंगठा तिथे जरा जास्तच वेळ राहिला.

"घट्ट आहेत का गं?"

"नाही, ग्रॅनी."

"खरं सांग."

"घट्टच हवे असतात ना? कोचना विचार."

कोच बॅलेंटाइन तेवढ्यात आला आणि बघून भडकलाच. "नवे बूट? फायनलला? डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? काढ आधी ते."

"मम्मीने पाठवलेत, सर," नॉर्डिया म्हणाली.

हा बॅलेंटाइन पाळण्यात असताना त्याची आई बर्मिंगहॅमला गेली होती. तिने पाठवलेला लोकरीचा जाड कोट घालून हा पोरगा भर उन्हात शाळेत यायचा, घामाने निथळायचा, पण काढायचा नाही. पोरं त्याला मेंढी म्हणायची. मी स्वतः म्हटलंय. दुसरा कुठला शहाणा कोच असता तर त्याने ते बूट ओढून काढले असते. हा खाली बसला आणि त्याने तिच्या नाड्या स्वतः बांधून दिल्या.

मी आणि मिस एनिड वरच्या बाकावर होतो. सगळं स्टेडियम ढोल, डबे, पातेल्यांची झाकणं बडवत होतं. बार झाला आणि पोरी सुटल्या. वळणावर आमची पोरगी सगळ्यांच्या पुढे होती. शपथेवर सांगतो, स्पष्ट पुढे. मी बाकावर उभा राहून ओरडत होतो, शेजारची अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडली होती. वळण संपलं, सरळ रस्ता आला, आणि नॉर्डियाची मान मागे गेली. खांदे वर आले. कुणीतरी मागून तिचा फ्रॉक धरावा तशी ती जागच्या जागी जड होत गेली. एक मुलगी पुढे गेली, दुसरी गेली. शेवटच्या रेषेशी तिसरीने छाती पुढे टाकली.

नॉर्डिया चौथी आली.

मिस एनिड उठल्या नव्हत्याच. टोपीची पिशवी त्यांनी छातीशी धरली होती. "माझ्या अंगठ्याला लागली होती तिची बोटं," त्या म्हणाल्या. "आत दुमडलेली. मला लागली होती, क्लिफ्टन."

मी त्यांचा हात धरला.

खाली गेलो तेव्हा कोच नाड्या कात्रीने कापत होता. बूट निघाला तेव्हा आतला पांढरा रंग राहिला नव्हता. नखं काळीनिळी, अंगठा मोडलेला. तो कॉलेजचा माणूस येऊन चांगलं बोलून गेला. सभ्य माणूस होता. त्याच्याकडे तीनच जागा होत्या.

रविवारी ऑर्लीनचा फोन आला. दुकान माणसांनी भरलं होतं. नॉर्डिया पाय बांधलेला, स्टुलावर बसली होती, मिस एनिड दारात. माझा फोन जुना, पलीकडचा आवाज अख्ख्या दुकानात ऐकू यायचा.

"असू दे, बाळा," ऑर्लीन म्हणत होती. "चौथी म्हणजे काय कमी आहे का? अख्ख्या बेटात चौथी!" मग जरा थांबून तिने विचारलं, "बूट कसे होते गं?"

"छान होते, मम्मी."

"मी फार विचार करून घेतले. कोच म्हणाले होते ना, घट्ट हवेत म्हणून? तुझा कागद आत बरोबर बसत होता. मग मी म्हटलं, त्याहून अर्धा नंबर लहानच घ्यावा. बरोबर केलं ना मी?"

मिस एनिडनी दाराची चौकट पकडली. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पेन्सिल इकडे आत वळली होती आणि तिकडे आणखी अर्धा नंबर कमी झाला होता. दोघींनी पोरीचा वेग सांभाळायला जीव ओतला होता.

"बरोबर केलंस, मम्मी," नॉर्डिया म्हणाली. तिचा आवाज जराही हलला नाही. "अगदी मापात होते. पायात आहेत हे कळतसुद्धा नव्हतं. मीच कमी पडले. त्या पोरी माझ्यापेक्षा जोरात पळाल्या."

"मग ठीक आहे," ऑर्लीन म्हणाली. "मला उगीच धास्ती वाटत होती." आणि ती रडायला लागली. ते रडणं सुटका झाल्यासारखं होतं, आणि तेच मला ऐकवेना. मी दुकानातल्या सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटून घेतलं.

अंगठा जुळला, पण वाकडाच. उन्हाळ्यात नॉर्डियाला किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात चादरी धुवायच्या खात्यात काम मिळालं. दिवसभर उभं राहायचं. त्या पांढऱ्या बुटांचं काय केलं कुणी विचारलं नाही. मैदानावरची बकरी आता निवांत चरते.

सप्टेंबरात ऑर्लीनचा फोन आला. "दिवसभर उभी असतेस, चांगले काळे बूट पाठवते. पायाचं माप धाडा. वाढला असेल आता."

नॉर्डिया अठरा पुरी झाली होती. तिचा पाय आता कशाला वाढतोय? पण तिकडे कपाटाच्या दारात ती अजून वाढतच होती.

मिस एनिडनी माझ्याकडून कागद घेतला, ओट्यावर अंथरला, गुडघे टेकले. आता त्यांना टेकायलाही वेळ लागतो. नॉर्डियाने पाऊल ठेवलं, सगळी बोटं पसरून, आरामात. मिस एनिडनी पेन्सिल सरळ धरली आणि टाचेपाशीच थांबल्या.

"काय झालं?" नॉर्डियाने विचारलं.

"खरा काढला तर मागच्याहून केवढा मोठा येईल." त्या वर न बघता म्हणाल्या. "दारावर मागचा कागद आहे. ती हा त्याच्यावर चिकटवणार. एका वर्षात पाय एवढा वाढत नाही. तिला कळेल गं."

"कळेल," नॉर्डिया म्हणाली.

मी वजनं पुसत होतो, पुसतच राहिलो.

नॉर्डियाने थोडा वेळ आपल्या पावलाकडे बघितलं. मग तिने बोटं आत मुडपून घेतली. मोडून जुळलेला अंगठा नीट वळत नव्हता, म्हणून खाली वाकून तो तिने हाताने दाबून धरला.

"काढ आता, ग्रॅनी," ती म्हणाली. "हलणार नाही मी."